ओलं सोवळं

लग्न होऊन मी कराडहून सांगलीला आले ती लढाईच्या दिवसांत. कापड रेशनवर मिळायचं, त्यामुळे सोवळ्यात नेसायला मला एकच सुती लुगडं होतं. सासूबाईंचं सोवळं कडक. आंघोळ झाली की लुगडं पाण्यातून पिळून काढायचं आणि ओलंच नेसून चुलीपाशी बसायचं. उन्हाळ्यात ते अंगावर वाळून जाई. पावसाळ्यात दुपारची पानं उठेपर्यंत ओलं ते ओलंच. नऊवारीचा ओला काष्टा घट्ट कसून मी पोळ्या लाटायची आणि त्याने देव प्रसन्न होतात अशी घरात सगळ्यांची समजूत होती. माझी नव्हती, पण मला विचारतो कोण?

आषाढात खाज सुरू झाली. नुसती खाज नव्हे, आग. लघवीला बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं आणि अंगावरून नासलेल्या दुधासारखं पांढरं जायचं. मी घाबरून गेले. आपणच कुठेतरी अस्वच्छ राहिलो असं वाटून मी जास्त धुऊ लागले. साबणाने धुतलं, शिकेकाईने धुतलं, एकदा तर कढत मिठाच्या पाण्याने. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. जितकं धुवावं तितकी आग वाढायची.

यजमान जवळ आले की मी भिंतीकडे सरकायची. माणूस चांगला, पण हळवा. बायकोला आपण आवडत नाही असं त्यांनी मनाशी धरलं आणि आईच्या कानावर घातलं. मग एक दिवस मला नीट ऐकू जाईल अशा बेताने सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघते, नाहीतर पोचवते माहेरी. मुलाला काय जन्मभर असाच ठेवू?"

माहेरी धाकटी बहीण लग्नाची होती. मी परत गेले असते तर तिला कुणी पदरात घेतलं नसतं. नागपंचमीला बायका फेर धरत होत्या आणि मी कोपऱ्यात बसून मरणाचा विचार करत होते. एवढ्याशा खाजेपायी मरण! आज हसू येतं, तेव्हा आलं नाही.

पुढे एकदा मी स्वयंपाकघराच्या चौकटीला मांड्या आवळून उभी असताना सासूबाईंनी मला पाहिलं.

"काय चाललंय गं हे?"

मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "आवर. डॉक्टरीणबाईंकडे जायचंय." मला वाटलं, ही माहेरी पोचवण्याचीच तयारी.

डॉक्टरीणबाई तुटक बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तपासलं, जांभळं औषध बोळ्याने लावलं आणि घरी लावायला बाटलीभर दिलं. "बुरशी आहे ही. लोणच्यावर धरते ना, तसली. वाईट चालीचा काही संबंध नाही," असं त्या सासूबाईंकडे बघून म्हणाल्या. मग मला विचारलं, "ओल्या कपड्यात किती वेळ असतेस?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी भिंतीकडे पाहिलं.

"ते बंद करायचं. साबण, मीठ काही लावायचं नाही. साध्या पाण्याने धुवायचं आणि कोरडं करायचं. पाळीची फडकी अंधारात दडवून वाळवता ना? उन्हात घाला. बरं होईपर्यंत नवऱ्यापासून लांब राहा. पुन्हा पुन्हा झालं तर लघवीत साखर आहे का ते बघू."

परतताना टांग्यात सासूबाई रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "याला औषध असतं होय? मला लग्न झाल्यापासून आहे. मी समजायची, बायकांना असायचंच."

मनात राग होता, तरी मी सरकून त्यांना नीट बसायला जागा केली.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की डॉक्टरीणबाईंनी सुनेला चुलीचा धूर वर्ज्य केलाय. आयुष्यात खोटं न बोललेली बाई! सोवळ्याचा स्वयंपाक त्यांनी स्वतःकडे घेतला. मी कोरडं नेसून वरची कामं करू लागले आणि बरी झाले. यजमानांना त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण दिवाळीला मी सांगलीतच होते.

सासूबाई मात्र ओल्यातच. मी मागे लागले की म्हणायच्या, "या वयात तिथलं कुणाला दाखवू?"

"मग निदान कोरडं तरी नेसा."

"आणि देवाचं काय?"

"देवाला दुसरी कामं नाहीत का तुमचं लुगडं चाचपायला?" मी भांडं आपटून म्हणाले. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

माघात कधीतरी त्यांचं लुगडं धुताना काष्ट्याच्या जागी जांभळा डाग दिसला. मी घासला, पण तो डाग निघत नसतो. फडताळात मागे ठेवलेली माझी बाटली बघितली तर तळाला आली होती. मला बरं वाटून तीन महिने झाले होते.

मी बाटली भरून आणली आणि होती तिथेच ठेवली.

औषध लावून त्या पुन्हा ओलंच नेसायच्या, मग बरं कसं वाटणार? मला राग यायचा, रडूही यायचं. पण बाटली रिकामी झाली की मी भरून आणायची. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी त्यावर एक अक्षर काढलं नाही.

त्या गेल्या त्या दिवशी त्यांचं सोवळ्यातलं लुगडं वलणीवर होतं. मी ते खाली काढलं. डाग ताजा होता आणि लुगडं ओलं होतं.