चार बोटं पाणी

बेलापूरला मास्तर होतो तेव्हा मासिकात वाचून मी ओट्यावर रॉकेलच्या डब्यात, मातीशिवाय, नुसत्या खताच्या पाण्यावर टोमॅटो लावला. रोज सकाळी डबा काठोकाठ भरायचो, संध्याकाळी पाणी चार बोटं उतरलेलं असायचं. रोप किती पाणी पितं, यावर मी लेखही पाठवला.

एकदा शाळेतून लवकर आलो, तर खाडीच्या बांधाची दारं उघडणारा म्हातारा डबा कलता करून पाणी सांडत होता. मला बघूनही थांबला नाही. उघड्या पडलेल्या पांढऱ्या मुळांकडे बोट दाखवून म्हणाला, "नाकातोंडात पानी गेल्यावर झाड कसं जगंल, मास्तर?"

लेख छापून आला, तो मी त्यालाच वाचून दाखवला. त्यानं कौतुकानं मान डोलावली आणि डबा कलता केला.