बाबांच्या सॅक्सोफोनचे चौदा तुकडे

वाशीमच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यापुढे धरला आणि सांगितलं, फुफ्फुसं कडक होत चालली आहेत, आता फुंकायचं पूर्ण बंद. बाबांनी मान हलवली. अनसिंगला परत येताना एसटीत ते खिडकीशी बसले. त्यांची बोटं मांडीवर चालत होती, सॅक्सोफोनच्या बटणांवर चालायची तशी. मी पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

बाबा बँड पार्टीत वाजवायचे. लग्नसराईत वराती, जयंतीच्या मिरवणुकीत गाणी, शिरपूरच्या जैन मंदिराच्या रथापुढं भजनं, उरुसात कव्वाली. पावसाळ्यात बँड बंद असायचा, तेव्हा लोकांच्या शेतात सोयाबीन डवरायला, म्हणजे कोळपायला जायचे. तरुणपणी दोन वर्षं ते नागपूरला एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बँडमास्तरांकडे राहिले होते. सॅक्सोफोन त्यांनीच हातात दिला. मास्तरांनी उमेदीच्या काळात बड्या हॉटेलांत जॅझ वाजवलं होतं, घरात जुन्या तबकड्या होत्या. बाबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तरी त्या तबकड्यांतली एक गोष्ट त्यांना पक्की कळली: धून सगळ्यांची असते, पण मधे एक जागा मोकळी सोडलेली असते, तिथं आपलं आपण बोलायचं.

हे बोलणं वरातीत कुणाला हवं होतं? मुखडा ते सरळ वाजवायचे. दुसऱ्या अंतऱ्याला सुटायचे. सिनेमाच्या गाण्यातून कव्वालीत, तिथून भजनाच्या चालीत, आणि मधेच एखादा लांब, उदास सूर, ज्याला आमच्याकडे नाव नव्हतं. नाचणारी पोरं गोंधळून थांबायची. बँडचा मालक ओरडायचा, "कुठं चालला बे तू? गाणं वाजव ना!" बाबा दोन सुरांत मुखड्यावर परत यायचे. पुढच्या वरातीत पुन्हा तेच.

चाळीसेक वर्षं वाजवून त्यांच्या नावावर एकही कॅसेट नव्हती. अकोल्याला एका गायकासाठी एकदा वाजवलं होतं, ती कॅसेट निघालीच नाही. दवाखान्यातून आल्यावर ते दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसू लागले. वाद्याची पेटी खाटेखाली गेली. मी शाळेत शिकवते, रविवार माझा असतो. मी ठरवलं, जिथं जिथं त्यांचा आवाज कुणी पकडून ठेवला असेल तिथून तो आणायचा.

आवाज होता तो मुख्यतः लोकांच्या लग्नांच्या कॅसेटींत, थोडाफार रथाच्या आणि उरुसाच्या. एसटीनं गावोगाव जायचं, दार वाजवायचं आणि विचारायचं, "तुमच्या लग्नाची कॅसेट हाये का?" बाया आधी हसायच्या. मग ट्रंका उघडायच्या. बऱ्याच कॅसेटींना बुरशी लागलेली. काहींत फक्त निवेदकाचा आवाज आणि फटाके. एका घरात कॅसेट होती, पण नवरा वारलेला होता; ती बाई म्हणाली, "घेऊन जाय बाई, मले पाहावत नाही." ती परत द्यायला गेले तेव्हा मात्र तिनं माझ्यासोबत बसून सगळी पाहिली.

मेडशीला माझी एक कॉलेजातली मैत्रीण दिलेली आहे. तिच्या लग्नाची सीडी तिनं चहाचा कप हातात देतादेताच लावली. वरात येत होती. लाल कोट, डोक्यावर तुऱ्याची टोपी, गळ्यात सॅक्सोफोन: बाबा. दारात करवल्यांत मी उभी होते. त्या दिवशीचं मला सगळं आठवत होतं. कॉलेजातल्या पोरींना मी सांगितलं होतं की बाबा नोकरीला आहेत. बँड पुढ्यात आला तेव्हा मी मंडपाकडे पाहत राहिले, अनोळखी माणसासारखी.

जे मला माहीत नव्हतं ते कॅमेऱ्यानं टिपलं होतं. बाबांना मी दिसले. त्यांनी वाजवणं थांबवलं नाही. फक्त हळूच वळले आणि वरातीकडे तोंड, माझ्याकडे पाठ करून वाजवत राहिले. वळल्याबरोबर सॅक्सोफोनचा आवाज मंद झाला, जाडसर पडद्यामागून यावा तसा.

मैत्रीण म्हणाली, "तुया बाबानं किती छान वाजवलं!" म्हणजे तिला तेव्हाही माहीत होतं. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

घरी येऊन मी सीडी बाबांना ऐकवली. ते डोळे मिटून ऐकत होते. आवाज मंद झाला तिथं मी म्हणाले, "बाबा, हे नाही घेत मी. आवाज दबला आहे."

"काहून दबला, मले माहीत हाये."

मग मला रडू आवरलं नाही. माफी मागायची होती ती नीट शब्दांत मागताच आली नाही. बाबा थोडा वेळ दम खात बसले. बोलायला त्यांना आता तेवढा वेळ लागायचा.

"तू लहान होती," ते म्हणाले. "मले वाईट वाटलं. नाही वाटलं म्हनू तर खोटं होईन. पन ऐक, पाठ फिरवल्यावर जे वाजवलं, ते मी तुयासाठी वाजवत होतो. नागपूरच्या मास्तरांजवळून आल्यावर तसं कधीच वाजलं नोतं. तेच ठेव."

मी पुन्हा लावलं. या वेळी आवाजाचा दबकेपणा सोडून फक्त धून ऐकली. गाणं बिदाईचं नव्हतं, नाचायचं होतं. बाबांनी त्याला इतकं संथ केलं होतं की ढोलवालाही एका जागी चुकून थांबला होता.

असे चौदा तुकडे जमले. क्रम बाबांनी लावला. कुठला कशानंतर यावा यावर ते दोन दोन दिवस विचार करायचे. शिरपूरच्या रथापुढचं भजन आणि उरुसातली कव्वाली त्यांनी शेजारी ठेवली, कारण दोन्हीत त्यांचा एकच सूर लागला होता असं ते म्हणाले. मला ते सारखेपण कधी कळलं नाही. एकदा त्यांनी पेटी काढायला लावली, वाद्य जोडलं, तोंडाला लावलं. नुसती हवा आली आणि बटणांचा खटखट आवाज. मी मोबाईल पुढं धरला होता. त्यांनी हातानंच नाही म्हटलं, आणि मी ते पुसून टाकलं.

तुकडे पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांनी, थंडीत, बाबा गेले. विहारातल्या लोकांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. बँडमधले चौघे आले होते, वाद्यांशिवाय, हात कुठं ठेवावेत ते कळत नसल्यासारखे उभे होते.

चौदाही तुकडे पेन ड्राइव्हवर भरून मी ज्यांच्या ज्यांच्या घरून कॅसेटी आणल्या त्यांना नेऊन दिले. बँडचा मालक आता थकला आहे. त्यानं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "मी त्याले उगाच टोकलं." गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्यानंही एक पेन ड्राइव्ह मागून घेतला. सोयाबीन बाजारात नेताना तो रोज लावतो. मी विचारलं, कोणता तुकडा आवडतो? म्हणाला, सहावा. त्यात फटाके लय हायेत, झोप येत नाही.