रुळावरचं वेल्डिंग

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत पेपर तपासत बसलो होतो. सख्खा थोरला भाऊ गेला, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. राग आला. बारा वर्षं मनात धरून ठेवलेलं भांडण अर्धवट टाकून हा माणूस निघून गेला होता... दहाव्याला लोक त्याच्या कसबाचं कौतुक करत होते, तेही मला ऐकवत नव्हतं. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे. मला ते जमणार नाही, आधीच सांगतो.

लातूरच्या बाहेर, निलंगा रोडला पत्र्याच्या शेडमध्ये दादा दगड कापायचा. आमच्याकडच्या काळ्या खडकात विहीर खणताना गारगोट्या निघतात. बाहेरून ओबडधोबड, आत रंगांचे पट्टे. त्यांच्या चकत्या करून तो विकायचा. बीएड झाल्यावर नोकरीची वाट बघत मीही त्याच्या हाताखाली लागलो. यंत्र त्यानं स्वतःच जुळवलेलं. तेलात फिरणारं हिऱ्याच्या कणांचं पातं आणि समोर दोन रुळांवर सरकणारी गाडी. दगड गाडीवरच्या शिकंज्यात आवळायचा, कप्पीवरून सोडलेल्या दोराला वजन लटकवायचं. ते वजन गाडीला हळूहळू पात्याकडे ओढतं. गाडी अडली की दादाकडे एकच औषध होतं. "टाक अजून दोन किलो!" किराणा दुकानातली जुनी मापं त्यानं त्यासाठीच आणून ठेवली होती. मी म्हणायचो, पातं बंद कर, दोर सोड, रिकामी गाडी हातानं ढकलून बघ, कुठं अडते ते कळेल. त्यावर उत्तर ठरलेलं, "तू मला शिकवाय लागलास व्हय?"

आण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, देवणीकडच्या शेतात विहीर खणताना भोपळ्याएवढी गारगोटी सापडली होती. दोन वर्षं त्यांनी ती देवघरात ठेवली. मग आत काय आहे ते बघायला स्वतः शेडमध्ये येऊन स्टुलावर बसले. गाडी मधेच अडली. मी नको नको म्हणत असताना दादानं आणखी वजन लटकवलं. गाडीला हिसका बसला, ती एकदम पुढं गेली, दगड पात्यावर आदळला आणि त्याचे तुकडे झाले. आण्णांनी आम्हा दोघांकडं बघितलं. दादा लगेच म्हणाला, "ह्यानं आवळलाच न्हाई नीट. हातात जोरच न्हाई ह्याच्या." आण्णा उठले. तुकडे उपरण्यात बांधून निघून गेले. पुढं लग्नकार्यात, पाहुण्यांत, सगळीकडं दादा तेच सांगत राहिला... मी नांदेडची नोकरी धरली. आण्णा गेले तेही माझा हात ढिला असं समजूनच.

दादा गेल्यावर महिन्याभरानं वहिनींचा फोन आला. शेड आता त्याच चालवणार होत्या, पण गाडी सरकत नव्हती. मी गेलो. दोर सोडला, रिकामी गाडी हातानं ढकलली. ती मध्यावर अडली. रुळांवर तेलाचा आणि दगडाच्या पिठाचा चिखल सुकून घट्ट बसला होता. पत्र्याच्या तुकड्यानं तो खरवडत गेलो आणि डाव्या रुळाच्या मध्यावर वेल्डिंगचा जोड दिसला. कानशीनं घासून सपाट केलेला. बरोब्बर तिथंच, जिथं त्या दिवशी गाडी अडली होती.

"वहिनी, हे कधी केलं?"

"तुमी गेल्यावर पंधरा दिसांत. रूळ तडकला व्हता, गाडीचं चाक तिथंच अडकायचं. मीच टॉर्च धरून उभी व्हते."

"मग आण्णांना सांगायचं नाही का?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "म्या ह्यांना लई बोलले, भाऊजी. तर म्हणले, त्याला कळलं तर नोकरी सोडून माघारी यील, ह्या चिखलात आयुष्य काढील. तुमच्या भल्यासाठीच..."

भल्यासाठी! असेलही. पण माझं भलं करायला मला आण्णांच्या नजरेतून उतरवायची परवानगी त्याला कुणी दिली? आरोप केला तेव्हा तडा त्याला माहीत नव्हता, हे मी मान्य करतो. कळल्यावरही तो बारा वर्षं गप्प राहिला, ते मात्र मी माफ करत नाही. तो समोर असता तर तोंडावर सांगितलं असतं.

रूळ पुसून घेतले, एक गारगोटी स्वतःच्या हातानं आवळली, दोराला वजन लटकवलं आणि पात्यावरचं झाकण लावून यंत्र सुरू केलं. गाडी न अडखळता शेवटपर्यंत गेली. वहिनी म्हणाल्या, "रूळ नवाच टाकून घ्यावा का, भाऊजी? लई जुना झाला."

मी नको म्हणालो. काम देतोय तोवर असू द्या, एवढंच सांगितलं. खरं कारण सांगितलं नाही. माझा हात ढिला नव्हता, हे कबूल करणारं दादाच्या हातचं तेवढं वेल्डिंगच काय ते शिल्लक आहे.