विमलताईंनी लिहिलेली पुस्तिका

बातमी आमच्या विद्यार्थी संघटनेच्या ग्रुपवर आली तेव्हा मी वाळूजहून परतीच्या बसमध्ये होतो. ‘आपल्या टायपिंगवाल्या ताई गेल्या. अंत्यविधी आज चार वाजता.’ खाली लगेच एकानं विचारलं, ‘कोणत्या ताई?’ दुसऱ्यानं सांगितलं, ‘पडेगावच्या. पत्रकं करायच्या त्या.’ मग जोडलेल्या हातांची चिन्हं पडत गेली, एकाखाली एक, आणि अर्ध्या तासात त्यांच्याही खाली कुणीतरी रविवारच्या मोर्चाची वेळ टाकली. दहा वर्षं आमचा प्रत्येक शब्द ज्या बाईच्या बोटांखालून गेला, तिला ग्रुपवर अर्धा तास मिळाला. मीही त्या हातांमध्ये एक हात टाकला होता, हे इथंच सांगून टाकतो.

पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून, पत्र्याच्या एका खोलीत विमलताईंचं टायपिंगचं दुकान होतं. एक संगणक, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकांसाठी लाकडी बाक. नवरा लवकर गेलेला, सुजाता ही एकच मुलगी. टाइपरायटरवर शिकलेल्या ताईंनी संगणक कुठल्याही क्लासशिवाय, चुका करत करत आपलासा केला होता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील वाळूजच्या कारखान्यात, युनियनचे. मी अक्षरं जोडून वाचायला शिकलो तीच मुळी ‘कामगार बंधूंनो’ या शब्दांवर. तेव्हा माझ्या पहिल्या पत्रकाचा कागद मी मोठ्या ऐटीत ताईंपुढं ठेवला. त्यांनी तो पूर्ण वाचला.

“मजकूर तुझा का?”

“आमचा.”

“आमचा म्हंजी कुणाचा?”

“संघटनेचा.”

“संघटनेला हात असत्यात व्हय लिहायला?” असं म्हणून त्या हसल्या आणि टाइप करायला लागल्या. चार शुद्धलेखनाच्या चुका न विचारता दुरुस्त केल्या, पाचवी मात्र ठेवली. म्हणाल्या, “ही तूच शोध.”

त्यांच्या दुकानाचा एक रिवाज होता. काम झालं म्हणून उठायचं नाही, एक गोष्ट शिकून जायची. आमच्या पत्रकांच्या बिघडलेल्या प्रती त्या फेकत नसत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर निळ्या पेनानं एक युक्ती लिहायच्या आणि ती गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायच्या. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे सगळ्या फाइली आपोआप क्रमानं लागतात. दुसरीकडून उचललेला मजकूर चिकटवताना कंट्रोलबरोबर शिफ्टही दाबा, पुष्कळ ठिकाणी त्याचा रंग-आकार मागं राहतो आणि नुसते शब्द येतात. आधार कार्डाची पीडीएफ लहान करायला ती कुठल्या तरी वेबसाइटवर चढवू नका, संगणकातच चालणारं मोफत साधन घ्या. दुसऱ्याच्या मशीनवर मेल उघडायची तर खासगी विंडो उघडा आणि उठताना ती बंद करा. युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर तुमचं मराठी दुसऱ्याच्या संगणकावर चिनी दिसंल. शिष्यवृत्तीचा फोटो ठरलेल्या आकारात बसेना म्हणून रडकुंडीला आलेल्या पोरी यायच्या. ताई फोटो बसवून द्यायच्या, मग तो पुसायच्या आणि म्हणायच्या, “आता तू कर. पुढच्या वर्षी मी नसंन.” पोरी हसायच्या. सगळेच हसायचे.

एकदा पहिल्या पाळीवरून आलेला एक कामगार वैतागला. “ताई, बायोडाटा द्या अन् सोडा. झोप यायलीय मला. शिकून काय कलेक्टर व्हायचंय का?”

“कलेक्टर नको होऊ. पण तुझा पासवर्ड तुझ्या मेव्हण्याला पाठ हाय, तेवढा तरी बदल,” ताई म्हणाल्या. “मागच्या महिन्यात तोच आला होता तुझी पगाराची स्लिप काढायला.”

तो गडी मुकाट्यानं बाकावर बसला आणि पासवर्ड बदलूनच उठला.

शहराचं नाव बदललं तेव्हा तर दुकानाबाहेर रांग असायची. लेटरहेड, शिक्क्यांचे नमुने, निमंत्रणं. ताईंनी सगळ्यांना ‘शोधा आणि बदला’ शिकवलं, पण ‘सगळे बदला’ या बटणाला हात लावू देत नसत. मी ऐकणारा नव्हतो. वडिलांच्या जुन्या पत्रकांचा संग्रह आम्ही टाइप करून घेतला होता, त्याच्या मुखपृष्ठावर नवं नाव हवं होतं. मी एका फटक्यात सगळे बदलले आणि माझ्या जन्माआधीच्या संपात छत्रपती संभाजीनगरचे कामगार घोषणा द्यायला लागले. ताईंनी माझा हात कीबोर्डवरून उचलून बाजूला ठेवला. कंट्रोल झेड दाबून ते सगळं मागं घेत म्हणाल्या, “तेव्हाची माणसं ज्या गावात बोलली, त्या गावातच बोलू दे त्यांना. लई घाई हाय तुला इतिहास दुरुस्त करायची.” मला राग आला होता. आज वाटतं, माझ्या लिखाणावर आलेला तो सगळ्यात खरा अभिप्राय होता.

मग वसतिगृहाच्या पाण्यावरचं पत्रक झालं. पत्रकावर नाव नसायचं, तो आमचा नियम. पण एका मित्रानं ते आपल्या लॅपटॉपवर लिहून फाइलच सगळीकडं पाठवली. दोन दिवसांत कॉलेजच्या ऑफिसात त्याला बोलावलं आणि त्याचं पूर्ण नाव त्याच्याच तोंडावर वाचून दाखवलं. आम्ही घरभेदी शोधत बसलो. ताईंनी आमच्यासमोर त्या फाइलवर उजवी क्लिक केली, प्रॉपर्टीज उघडलं, डिटेल्समध्ये गेल्या. तिथं लेखकाच्या रकान्यात मित्राचं नाव, आडनावासकट. “फाइलच्या पोटात नाव ऱ्हातं,” त्या म्हणाल्या. “खाली ते काढून टाकायची सोय बी दिलीय. बाहेर पाठवायच्या आधी पोट साफ करायचं.” त्या दिवसानंतर आमची एकही फाइल त्यांनी नावासह बाहेर जाऊ दिली नाही. आमच्यापैकी पुन्हा कुणाला ऑफिसात बोलावलं गेलं नाही. त्याबद्दल आम्ही त्यांचे आभार मानल्याचं मला आठवत नाही...

या सगळ्या युक्त्यांची पुस्तिका करा, असं मीच ताईंना म्हणालो. त्यांनी ते मनावर घेतलं. दीड वर्ष, गिऱ्हाइकं नसतील तेव्हा, त्या लिहीत राहिल्या. प्रत्येक युक्ती आधी एखाद्या बाईला किंवा कामगाराला वाचायला द्यायच्या. त्याला अडलं की ते वाक्य मोडायच्या. मी इतकी वर्षं पत्रकं लिहिली, पण वाचणाऱ्याला अडलं म्हणून स्वतःचं वाक्य कधी मोडलं नाही. पुस्तिका पूर्ण झाली तेव्हा त्यांनी मला बाकावर बसवलं आणि स्क्रीनकडं बघतच विचारलं, “यावर माझं नाव टाकलं तर चालंल का?”

एवढंच विचारलं होतं त्यांनी. दहा वर्षांत माझ्याकडं मागितलेली एकच गोष्ट. आणि मी त्यांना भाषण दिलं. ज्ञान कुणा एकाच्या मालकीचं नसतं, नाव आलं की अहंकार येतो, आपली परंपरा पत्रकाची आहे, पत्रकाला बाप नसतो. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला सगळं माहीत होतं. आमच्या सभांच्या फलकांवर नेत्यांची नावं असायची, फोटोसकट, हे मात्र मला त्या दिवशी आठवलं नाही. ताईंनी भाषण पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाल्या, “बरं. तू शिकलेला हाय.” त्यात टोमणा होता का, हे मी तेव्हा तपासलं नाही.

पुस्तिका छापायला आमच्याकडं कुणी पुढं येईना. शहरात संगणकाचे वर्ग चालवणाऱ्या एका संस्थेचे संचालक म्हणाले, आम्ही छापतो, फुकट वाटतो. ज्ञान सगळ्यांचं या माझ्या भाषणात ते इतकं छान बसत होतं की फाइल मीच नेऊन दिली. पुस्तिका आली ती चकचकीत मुखपृष्ठाची. वर संस्थेचं नाव, खाली ‘मार्गदर्शक’ म्हणून संचालकांचं, आत त्यांचा टाय लावलेला फोटो आणि ‘आमच्या तज्ज्ञांनी परिश्रमपूर्वक तयार केलेली’. मी तावातावानं ताईंकडं गेलो. त्यांनी पानं चाळली. “छपाई चांगली हाय,” एवढंच म्हणाल्या, आणि एका पानावरची चुकीची पायरी पेनानं दुरुस्त करून पुस्तिका मला परत दिली. मी निषेधाचं पत्रक काढणार होतो. तेही लिहायचं राहून गेलं... इतर मोठे प्रश्न होते ना.

ताई गेल्या त्या दुकानातच, सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. आठवड्यानं शोकसभा झाली. ते संचालकही आले होते, पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन. प्रत्येक खुर्चीवर एक ठेवली होती. माईकवर म्हणाले, “विमलताई आमच्या या पुस्तिकेच्या नियमित वाचक होत्या. अशा सामान्य वाचकांसाठीच आमची धडपड असते.” पहिल्या रांगेत सुजाता बसली होती. तिनं पुस्तिका हातात धरली होती, उघडली नव्हती. मी उभा राहिलो. म्हणालो, ही ताईंनी लिहिलीय, एकेक ओळ. संचालक अजिबात चिडले नाहीत. “असेल की,” ते म्हणाले. “पण तुम्हीच फाइल आणून दिली होतीत. तिच्यावर नाव होतं का कुणाचं?” सभा माझ्याकडं बघत होती. मी खाली बसलो.

घरी जाऊन ती फाइल उघडली. उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. लेखकाचा रकाना कोरा. ताईंनी पोट साफ करून दिलं होतं. आम्हाला वाचवायला त्या जे करत आल्या, तेच त्यांनी स्वतःच्या पुस्तिकेला केलं होतं, माझ्या सांगण्यावरून.

आणि आता हे लिहितोय एका रविवार पुरवणीत. या लेखावर माझं नाव असेल. गेली दोन वर्षं मी लिहितो त्या प्रत्येक लेखावर ते असतं. संपादकांनी विचारलं तेव्हा मी त्यांना पत्रकाची परंपरा सांगितली नव्हती.

गेल्या आठवड्यात सुजाताकडं गेलो. ती वाळूजला एका कंपनीत आहे, दुसऱ्या पाळीला जायच्या आधी सकाळी दुकान उघडते. मी म्हणालो, “पुस्तिका पुन्हा छापू. आईचं नाव घालून.”

“घाला की,” ती म्हणाली. “काय नाव घालणार?”

“विमलताई...”

“विमलताई काय?”

दहा वर्षांत ताईंचं पूर्ण नाव मी कधी विचारलंच नव्हतं. दुकानाच्या पाटीवर नुसतं टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन. माझ्या फोनमध्ये ‘ताई टायपिंग’. सुजातानं माउस हातात घेतला. “आई पहिली फाइल कधी पुसायची नाय, दादा. बदल करायचा तर प्रत काढायची अन् तिच्यात करायची.” एका फोल्डरमध्ये पुस्तिकेच्या दोन फाइली होत्या. तिनं जुनी उघडली. पहिल्या पानावर शीर्षक, त्याखाली बारीक अक्षरात: विमल गिरजाबाई खरात.

“गिरजाबाई म्हंजी माझी आजी, आईची आई,” सुजाता म्हणाली. “तिनंच घातलं होतं आईला टायपिंगला. आई म्हणायची, नाव लावायचं तर तिचंच लावीन.”

दुसऱ्या पानावर एकच ओळ होती. ‘ही पुस्तिका लिही असे ज्यांनी सांगितले, त्यांचे आभार.’ आणि खाली माझं नाव, वडिलांच्या नावासह, आडनावासह, एकही चूक नसलेलं. नंतरच्या प्रतीत ती दोन्ही नावं नव्हती.

“हे पान काढून टाक,” मी म्हणालो.

“का?”

“माझं नाव नको त्यात.”

“तिचं तुम्ही काढायला लावलं, तवा तिनं ऐकलं तुमचं,” सुजाता म्हणाली. “मी ऐकणार नाय. तिनं लिहिलंय, ते ऱ्हाईल. लाज वाटत असंल तर वाटू द्या.”

तिनं प्रिंटरमध्ये कागद भरले. मग बसची वेळ होत आली म्हणून डबा पिशवीत टाकला आणि मला म्हणाली, पानं क्रमानं लावून ठेवा, जाताना दार ओढून घ्या. ताईंच्या नावाचं पान बाहेर आलं, मग माझ्या नावाचं. ती दोन्ही पानं एकावर एक ठेवणं मला कितीतरी वेळ जमलं नाही.