तपकिरी काच धुताना

दुपारी वरणभात खाऊन भूपालअण्णा मगदूम आडवे होतात. एक पापणी मिटलीय, दुसरी अजून पंख्याकडे बघतेय, तेवढ्यात पंख्याखालची खोली दवाखान्यातली लॅब होते. कशी, ते मला विचारू नका. चोवीस वर्षं जिथं मेंदूच्या गाठींचे काप काचेवर चढवले, ती जागा निवृत्तीनंतर माणसाला सोडते होय?

बेसिनपाशी पद्मा उभी आहे. अण्णांची बायको. मेंदूतल्या गाठीनं जाऊन तिला वर्ष झालंय, पण तोंड तेच.

"जेवलं की घोरायचं! मी मेले तरी वळण लागलं नाही."

"तू बोलतेस?" शेवटचे दोन महिने तिला एकही शब्द सापडत नव्हता.

"मग काय मुकी येऊ? हे बघा."

तिच्या तळहातावर दोन काचा. लॅबचा नियमच तो: रोग्याच्या कापाशेजारी निरोगी काप ठेवायचा, रंग नीट बसला का ते कळायला. पण आज दोन्हींवर नाव पद्माचंच, आणि दोन्ही सारख्याच तपकिरी. तो तपकिरी रंग जिथं चढतो, तिथं मेंदूतलं एक प्रथिन. एका पेशीला दुसरीचा हात धरायला लावणारं; शब्द, ओळखी त्याच्यावरच टिकतात. गाठही त्याच्याच जिवावर पोसली होती.

अण्णा गाठीची काच नळाखाली धरून अंगठ्यानं घासू लागतात. नळ आता घरच्या मोरीतला आहे.

"पद्मे, निघतंय गं!"

"निघू दे. आपल्या त्या... थोरलीचं नाव काय हो?"

"सुनंदा." ते घासतच राहतात. शेजारची निरोगी काचही फिकी पडतेय.

"आणि देवळात माझी चप्पल हरवली, तेव्हा हसलं कोण?"

"मीच की!"

"तुम्ही कोण?"

अण्णांचा अंगठा थांबतो. "अगं, गाठीपुरतंच घासतो. एवढंच."

"राहू द्या हो काका," ती परक्याच्या मायेनं म्हणते, "गारठलात." आणि त्यांची करंगळी मुठीत धरते.

अण्णा काच सोडून देतात. दोन्ही काचा पुन्हा तपकिरी होतात. पद्माच्या डोळ्यांत ओळख येते, तोंड हसतं.

"अहो, सुनंदाला सांगा, की..."

पुढचा शब्द तिला सापडत नाही. ती शोधते. अण्णाही शोधतात.

डोळे उघडतात. नळाला दोन दिवस पाणी नाही, आणि अण्णांची बोटं तासभर पाण्यात बुडवल्यासारखी सुरकुतलीत. खोटं वाटत असेल तर स्वतः जाऊन बघा. करंगळी तेवढी कोरडी आहे, आणि उबदार.