पान सात

“यांच्या अंगठ्याला शाई लागलेलीच आहे. पॅडसुद्धा नको.”

असं म्हणून कोऑर्डिनेटर मॅडम हसल्या. दारात उभे असलेले लिफ्टवाले काकाही हसले. मॅडमनी माझा उजवा अंगठा दोन बोटांत धरला, भाजीवाल्याकडची भेंडी मोडून बघावी तसा, आणि कागदावरच्या चौकोनाकडे नेऊ लागल्या.

मी अंगठा काढून घेतला नाही.

हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक मला शूर समजतात.

ती शाई छापखान्याची होती. आनंदनगर एमआयडीसीत औषधांची खोकी आणि आतली माहितीपत्रकं छापणाऱ्या कंपनीत मी अकरा वर्षं तपासणीला आहे. खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद, जो तुम्ही न उघडता फेकता, तो मी ओळ न् ओळ वाचते. मराठी, हिंदी, इंग्रजी. एक शून्य जास्त पडलं तर माणूस जातो. म्हणून आमच्याकडे नियम एकच: न वाचता सही केली तर गेटच्या बाहेर. आधी पानांचे क्रमांक बघायचे, मग मजकूर. घरी चामटोलीला गेलं की बदलापूरच्या वाचनालयातलं पुस्तक. सासूबाई म्हणायच्या, “हिला पुस्तक नाय मिळालं तं मिरचीची पुडी सोडवून वाचील.” खोटं नव्हतं.

पण त्या दिवशी मी कामाच्या पाळीवरून थेट आले होते. साधी साडी, हिरव्या बांगड्या, गावचा चेहरा, शाईचा अंगठा. मॅडमना तेवढं वाचून पुरलं.

गाठ छातीत डाव्या बाजूला होती. तपासणीत कर्करोग निघाला. उल्हासनगरच्या त्या खाजगी हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांनी गाठ दाबून बघितली आणि माझ्या डोक्यावरून शेजारच्या डॉक्टरांना म्हणाले, “गुड कँडिडेट.” ब्लाउजची बटणं उघडी असताना मला उमेदवारी मिळाली.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “नशीबवान आहात बाई. नव्या इंजेक्शनची चाचणी चालू आहे. नेहमीच्या औषधांबरोबर ते द्यायचं आणि गाठ किती लहान होते ते नव्या स्कॅनवर बघायचं.”

“आणि नाही घेतलं तर?”

डॉक्टर हात धुवायला गेले. उत्तर मॅडमनी दिलं. “मावशी, सही नाही केली तर पुढच्या उपचाराचं आम्ही काही सांगू शकत नाही.”

मी एकेचाळीसची. त्या असतील अठ्ठाविसच्या. मावशी.

संशोधन विभाग चौथ्या मजल्यावर. दाराशी संगमरवरी पाटी. उद्घाटन कोणी केलं, प्रमुख पाहुणे कोण, उपस्थिती कोणाची, सगळं सोनेरी अक्षरांत. आत काय चालतं ते लिहायला जागा उरली नव्हती. शेजारी गुलाबी पुठ्ठ्याची चौकट, वर ‘मी लढणार, मी जिंकणार’. त्यात तोंड घालून फोटो काढायचा. जिच्या हातात अजून रिपोर्टही पडला नव्हता, अशा एका बाईलाही तिथे उभं करून हसायला सांगत होते.

बाकावर मोहिनी आंटी भेटल्या. साठीच्या, सिंधी. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात काज-बटणाचं काम करायच्या. जीभही कात्रीसारखी.

“तू नयी है? सुन. अंदर कॅमेरा है. मॅडम बोले वोही बोलने का. मला सगळं समजलं, मी माझ्या मर्जीने आले, मला काही विचारायचं नाही. बस. दो मिनिट का काम.”

“आणि तुम्हाला समजलं?”

“खाक समझा! बाईस पान है. मैं क्या पंडित हूँ? ऊपर से मॅडम की चाय ठंडी हो रही थी.”

त्यानंतर माझा नंबर लागला आणि तो अंगठा.

बाईला वाचता येत नसेल तर संमतीचा सगळा कागद तिला वाचून दाखवायचा असतो. वाचताना कॅमेरा चालू हवा, आणि समोर एक त्रयस्थ साक्षीदार हवा. त्याने शेवटी सही करायची, की हे सगळं माझ्यासमोर झालं. नियम चांगला आहे. ज्याने केला त्याला लिफ्टवाले काका माहीत नसावेत. काकांनी साक्षीदार म्हणून सकाळीच अख्ख्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवल्या होत्या. माझी नि त्यांची ओळख “चौथा का?” एवढीच.

मला वाचता येतं का, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. भीती. गाठ आपली असते आणि खुर्ची त्यांची. बोललो तर औषध देणार नाहीत, हे डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की मॅडम हसल्या तेव्हा मीसुद्धा थोडी हसले. ते हसू मला अजून माफ करता आलेलं नाही.

अंगठा टेकणार एवढ्यात मॅडमना आठवलं, कॅमेरा राहिला. त्यांनी माझा हात सोडला आणि स्टँडवरचा कॅमेरा चालू केला. लाल दिवा लागला.

“बोला मावशी. मला सगळं समजलं.”

कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर होता. हाताला सवय. कामावर रोज फिरवते तशी मी अंगठ्याने कडा फिरवली. चार, पाच, सहा, आठ.

पुन्हा फिरवली. सहा, आठ.

“बोला ना.”

“सात नंबरचं पान नाही.”

“काय?”

“पान सात. यात नाहीच. आठवं अर्ध्या वाक्याने सुरू होतंय.”

मी ते अर्धं वाक्य मोठ्याने वाचलं. मग पुढचं. ‘याआधी काही रुग्णांमध्ये हृदयाचे ठोके अनियमित झाल्याचे आढळले आहे.’

काही रुग्णांमध्ये. अकरा वर्षं हे दोन शब्द मी तपासून पुढे पाठवले. वेलांटी बघितली, अनुस्वार बघितला. ते काही रुग्ण कोण, कुठल्या बाकावर बसले होते, त्यांना कोणी मावशी म्हटलं होतं, हे एकदाही मनात आलं नाही. माझ्या माहितीपत्रकातली प्रत्येक ओळ आधी कुणाच्या तरी अंगावर उमटली, मग कागदावर आली. चाचणीला माझा विरोध नाही. तिच्यावाचून औषध नाही आणि माझी नोकरीही नाही. पण मी ‘काही रुग्ण’ व्हायचं असेल तर मला विचारून. खरोखर विचारून.

“तुम्हाला वाचता येतं?” मॅडम म्हणाल्या. मी त्यांची पर्स उघडताना सापडले असते तर याच आवाजात बोलल्या असत्या.

“येतं. आणि या काकांनी आज सकाळी कुणाला काय वाचून दाखवताना पाहिलं, तेही कॅमेऱ्यासमोर विचारा.”

काका निघाले. लिफ्ट मजल्यावर नव्हती, तर जिन्याने गेले.

मॅडमनी कॅमेरा बंद केला.

“चालू करा.”

“मावशी, उगाच कशाला…”

“मी तुमची मावशी नाही. चालू करा.”

लाल दिवा परत लागला. मोठे डॉक्टर आले. “बाई, तुम्हाला ट्रीटमेंट हवी आहे की तमाशा करायचाय?”

“पान सात हवंय.”

मॅडमनी कपाटातले बाकीचे गठ्ठे उघडले. सगळ्यांत सहा, आठ. एका कमी पानाच्या प्रतीवरून झेरॉक्स निघाल्या आणि त्यांवर सह्या झाल्या, अंगठे झाले. प्रत्येक बाई कॅमेऱ्यासमोर म्हणाली, मला सगळं समजलं. मुद्दाम काढलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम काढायला आधी वाचावं लागतं.

“टायपिंग मिस्टेक आहे,” डॉक्टर म्हणाले. छापखान्यातल्या बाईला.

कॉम्प्युटरवरून पान निघालं. कोमट होतं. मी उभी राहून वाचलं. ‘आपण सहभागी न झाल्यास आपल्या नेहमीच्या उपचारांवर कोणताही परिणाम होणार नाही.’ खाली, इंजेक्शनने अपाय झाला तर उपचार कोणी करायचे, आणि तक्रार कुठल्या नैतिकता समितीकडे करायची.

मी मॅडमकडे बघितलं. त्या चहाच्या कपाकडे बघत होत्या.

सही न करता मी सगळा गठ्ठा घेऊन बाहेर आले. मोहिनी आंटींच्या हाताच्या पाठीवर पट्टी होती, मघाशी माझ्या लक्षात आली नव्हती. त्यांचं पहिलं इंजेक्शन होऊन गेलं होतं. आतलं सगळं बोलणं त्यांनी बाकावरून ऐकलं होतं.

“मेरे में भी नहीं था?”

“तुमच्यातही नव्हतं.”

“पढ. जोर से पढ.”

मी वाचलं. त्यांच्यासाठी तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं. बाकावरच्या आणखी तिघी ऐकत होत्या. वाचून संपलं तेव्हा मोहिनी आंटी उठल्या, ओढणी खांद्यावर टाकली आणि दार न वाजवता आत गेल्या. आतून त्यांचा आवाज पार लिफ्टपर्यंत ऐकू येत होता.

आठ दिवसांनी मॅडमचा फोन आला. तुम्ही या अभ्यासासाठी योग्य नाही. मावशी म्हणाल्या नाहीत, एवढी प्रगती. समितीला मी पत्र दिलं: सहा-आठच्या कागदावर जिने जिने सही केली, अंगठा दिला, तिला परत बोलवा, पान सात द्या आणि पुन्हा विचारा. उत्तर आलेलं नाही. दुसरं पत्र दिलंय. तिसरं लिहून तयार आहे.

नेहमीचं औषध त्याच हॉस्पिटलात घेते. मुद्दाम. पान सातने तो हक्क दिलाय, तर वापरते. केस गेले. उलट्या होतात. बरी होईन का ते कुठल्याच पानावर लिहिलेलं नाही. पण सलाईन संपलं की मी चौथ्या मजल्यावर जाते. पिशवीत पान सातच्या झेरॉक्स असतात. बाकावरच्या प्रत्येकीला एक. जिला वाचता येत नाही तिला मी वाचून दाखवते, सावकाश, तिच्या तोंडून प्रश्न निघेपर्यंत.

परवा वॉचमनने हटकलं. “इथे फक्त पेशंटने बसायचं.”

मी डोक्यावरचा रुमाल काढला आणि बसले.

त्यांनी मला रोज उठवावं. मी रोज बसेन. माझ्या हातात ताकद आहे तोवर या मजल्यावर न वाचलेल्या कागदावर एकही अंगठा टेकू देणार नाही.