अहवालात नसलेली सावली

देवपूरला आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ महामार्गांचे पर्यावरण अहवाल तयार करतात आणि घरीही त्याच भाषेत बोलतात. चहा फिका झाला की म्हणतात, "साखर नगण्य प्रमाणात आढळते." झणझणीत शेवभाजी खाताना नाक पुसत, "परिणाम तात्पुरता व सौम्य आहे."

एरंडोलकडे नव्या महामार्गावर चढण्या-उतरण्यासाठीच्या इंटरचेंजची जनसुनावणी होती, तेव्हा मी गंमत म्हणून त्यांच्यासोबत गेलो. इंटरचेंजच्या जागेवरच घातलेला मांडव तव्यासारखा तापला होता, म्हणून त्यांनीच सगळ्यांना शेजारच्या जुन्या कडुनिंबाखाली बसवलं. मग घसा खाकरून आपल्या अहवालातून वाचलं, "इंटरचेंजच्या नियोजित जागेत एकही मोठा वृक्ष नाही." म्हणजे तो कडुनिंब तोडताना कोणाला विचारायचीही गरज नव्हती.

पुढच्या रांगेतल्या एक अक्का वर बघत म्हणाल्या, "साहेब, मंग हाई सावली कोनी शे?"

सावली कोणाची, या प्रश्नावर उठलेल्या हसण्याने सतरंज्या हलल्या. शेजाऱ्यांनी वर पाहिलं, कागदात पाहिलं. झाड नाही तर सावली घेता येत नाही, हे त्यांना पटलं असावं. त्यांनी खुर्ची उचलून भर उन्हात ठेवली आणि वाचन पुढे सुरू केलं. टक्कल चकाकू लागलं.

"पहिले झाड लिखा, मंग सावलीमा या," अक्का म्हणाल्या.

पानभर ते टिकले. मग खिशातलं पेन काढून त्यांनी समासात कडुनिंब लिहिला, खाली सही केली आणि खुर्चीसकट सावलीत परतले. अक्कांनी तांब्या पुढे केला. ते घटाघटा प्यायले आणि तोंड पुसत म्हणाले, "पाण्याचा दर्जा समाधानकारक आहे."